शुगर आहे, असंच लिहा

रंजे, इकडं ये गं. सरक जवळ. तो मोबाईल पालथा ठेव आधी. लिहून पाठवतीय म्हणून काय झालं, मी बोलतीय आणि तू समोर मांडी घालून बसलीस असंच समज. परवा तुझ्या घरी चहा करायला उठले, तर हळदीच्या डब्यामागं गोळ्यांची पट्टी सापडली. हळदीमागं! एवढी घंटागाडी गल्लीबोळातून फिरवतीस, अख्ख्या वॉर्डाचा कचरा उचलतीस, कुणाच्या बापाला भीत नायस, आणि दोन गोळ्यांना भितीस? वर मलाच म्हणतीस, "मावशी, पुढच्या महिन्यात लायसनचं मेडिकल हाय, माझ्या शुगरचं कुणाला बोलू नको."

नाय बोलत. पण आधी माझं ऐक, मग तुझं तू ठरव.

खंडेनवमीचा दिवस. चिकलठाण्याच्या मागच्या अंगाला आमच्या मालकाचं यार्ड. गाड्या धुऊन ओळीनं लावलेल्या. झेंडूच्या माळा, काचेवर कुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू. आपल्या घरातून पूजाअर्चा कधीच गेली, पण गाडी मी सगळ्यांच्या आधी धुतली होती. काचा पेपरनं पुसल्या होत्या. सहाचाकी ट्रक माझा. माझा म्हणजे मालकाचा, पण स्टेरिंग माझं. बिडकीनच्या कंपन्यांत माल टाकायचा आणि रिकामी गाडी घेऊन यायचं. यार्डात सगळे बाप्ये. बाई मी एकटी.

मालक म्हणजे गावाकडं जमीन, शहरात गाड्या, बोटात अंगठ्या. त्याला वाईट कुणी म्हणत नाय. दिवाळीला कपडे द्यायचा, कुणाच्या मयतीला यायचा. पण त्याची एक रीत होती. पूजा झाली की ड्रायव्हर ओळीनं उभे करायचे आणि एकेकाच्या तोंडात स्वतःच्या हातानं पेढा घालायचा. आणि म्हणायचं, "पेढा खाईल तो फिट!"

हसायचे सगळे. पण ते हसण्यावारी न्यायचं नव्हतं. चाळिशी झाली की आमच्यासारख्यांना लायसनसाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, तुला ठाऊक आहे. आमच्या यार्डात डॉक्टर कधी आलाच नाय. त्याचा माणूस यायचा, शिक्का मारलेले कागद घेऊन. नाव काय, वय काय, झालं. डोळे बघितले नाय, नाडी धरली नाय. आंधळा उभा केला असता तरी फिट. खरी तपासणी मालकाच्या पेढ्याची. पेढा तोंडापाशी आल्यावर ज्यानं मान वळवली त्याला शुगर, हे मालकानं ताडायचं. मग आठ-दहा दिवसांत त्याची गाडी दुसऱ्याच्या हातात. म्हणून शुगरवाले सगळ्यात मोठा आ करायचे. खायचे, हात जोडायचे, आणि ट्रकमागं जाऊन थुंकायचे. नायतर गोळी जास्तीची घ्यायचे.

मालकाच्या बायकोच्या हातात एक बारका डबा वेगळा असायचा. शेवटी मालक त्यातला पेढा खायचा. बिनसाखरेचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं कुणी नाय.

तर त्या दिवशी मालक माझ्यापुढं आला. माझ्या शेजारी रशीदभाई उभे. खुलताबादचे, तुझ्या काकांचे जुने जोडीदार. त्यांचा पेढा खाऊन झाला होता, म्हणजे गालात होता.

"आ कर."

मी म्हणले, "मालक, हातात द्या."

"हातात का? मी काय जहर देतोय?"

"मला शुगर हाय."

बोलून गेले, रंजे. सकाळी घरून निघताना मनात नव्हतं. इतकी वर्षं मी पण त्या रांगेत उभी राहत होते, पण तेव्हा शुगर नव्हती. त्या उन्हाळ्यात निघाली. आणि ती निघाली त्या दिवशी दवाखान्यात मला एक गोष्ट कळली होती, ती पोटात घेऊन मी फिरत होते. सांगते पुढं.

मालक हसला. असा मोठ्यानं हसला की फाटकावरचा वॉचमन वळून बघायला लागला.

"ऐकलं का रे! बाईला साखर झालीय! अगं, साखर म्हणजे खात्यापित्या घरची बिमारी. तुमच्या वस्तीत कवापासून आली? तुझ्या बापानं गुळाचा खडा तरी बघितला व्हता का?"

हसले सगळे. ज्यांच्या गालात पेढा होता, ज्यांच्या खिशात गोळ्या होत्या, तेही हसले. हसावं लागतं ना. नाय हसलं तर मालक त्याच्या तोंडाकडं बघणार.

माझा बाप. दुसऱ्याच्या शेतातला ऊस तोडून हाताची सालटं गेलेला माणूस. त्याच्या उसाची साखर कुणाच्या डब्यात गेली ते त्यानं कधी विचारलं नाय. आणि हा माणूस त्याच्या मढ्याला गुळाचा खडा विचारत होता.

"एका पेढ्यानं मरत नायस. आ कर." आणि त्यानं पेढा माझ्या ओठाला लावला. दाबला. वेलदोड्याचा वास नाकात गेला. रशीदभाई खाली बघत पुटपुटले, "भाभी, खा लेव ना. एक पेढे से क्या होता."

त्या वासानं मला तुझे काका आठवले.

आता इथं नीट ऐक, कारण हे तुझ्या आईलाही मी धड सांगितलं नाय.

तुझे काका, माझा माणूस, ह्याच यार्डात ड्रायव्हर होते. मला गाडी त्यांनीच शिकवली, बिडकीनकडं ते नवे रुंद रस्ते झाले तेव्हा. कंपन्या अजून यायच्या होत्या, रस्ता अख्खा रिकामा. "दाब क्लच, सोड हळू, बाई, सोड हळू, ती काय म्हैस हाय व्हय ओढायला!" असं ओरडायचे. त्यांना शुगर होती. मला ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक नव्हतं! गोळ्या जॅकच्या पेटीत, कापडात गुंडाळून. गेल्यावर सापडल्या.

खंडेनवमी दुसऱ्या दिवशी होती. यार्डात पेढ्यांची खोकी येऊन पडली होती. उद्या मालकापुढं आ करायचा, म्हणून त्यांनी गोळी वाढवून घेतली असणार. आणि पोटात काय नाय, कारण गाडी भरायला उशीर झाला. दुपारी यार्डात परतले आणि झोकांड्या जायला लागल्या. जीभ जड. घामानं सदरा पिळून निघाला. जो माणूस कधी कुणाला अरे म्हणला नाय, त्यानं मालकाला शिवी दिली.

मालक म्हणाला, "दिवसाढवळ्या चढवली काय रे? झोपवा त्याला केबिनमधी. उतरंल."

दारू. ज्यानं पंचशील घेतल्यापासून थेंब शिवला नाय, त्याला दारू. रशीदभाईंनी मायेनं लिंबू पिळलं, मीठ घातलं, पाजलं. दारू उतरवायची म्हणून. मीठ! आणि केबिनमध्ये आडवं केलं, खिडकीला गोणपाट लावलं, ऊन लागू नये म्हणून.

उतरलं नाय. मला निरोप आला तेव्हा अंग गार पडलं होतं.

"दारूनं गेला." यार्डात हेच, वस्तीत हेच, पुण्यानुमोदनाला जेवायला आलेले लोक हेच बोलत होते. मला माहीत होतं ते पीत नव्हते. पण इतक्या तोंडांनी इतकं म्हणलं की एक दिवस दार लावून मी त्यांचे सगळे सदरे हुंगून बघितले. घामाचा वास, डिझेलचा वास. दारूचा कुठं नाय. तरी हुंगत होते.

मग त्यांच्या जागी मी गाडीवर लागले, वर्षं गेली, आणि त्या उन्हाळ्यात माझी शुगर निघाली. सरकारी दवाखान्यातली सिस्टर समजावून सांगत होती. म्हणली, "मावशी, गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही. साखर एकदम खाली गेली तर घाम फुटतो, बोबडं बोलतो माणूस, झोकांडी जाते, चिडतो, शिव्या देतो. लोकांना वाटतं पिऊन आलाय."

मी खुर्चीचा हात धरला.

"मग काय द्यायचं, सिस्टर?"

"गोड. साखर, गूळ, पेढा, हाताशी असेल ते. पण शुद्धीवर असेल तोवरच. शुद्ध गेली की तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना."

पेढा, म्हणली ती. रंजे, यार्डात खोकी भरून पेढे होते. हाताच्या अंतरावर. एका पेढ्यानं माझा माणूस वाचला असता. तो द्यायचं कुणाला सुचलं नाय, कारण त्याला साखर आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. आणि ते ठाऊक नव्हतं, कारण मालक दरसाल पेढा घेऊन उभा राहत होता.

हे सगळं त्या एका वासात आलं. पेढा ओठाला लागलेला. मालकाचे डोळे माझ्या तोंडावर. मागं सगळे हसतायत.

मी मालकाचं मनगट धरलं.

आमच्यापैकी कुणी त्या माणसाला कधी हात लावला नव्हता. अंगठ्यांचा हात तो. मी धरला आणि खाली केला. पेढा मातीत पडला.

"मालक, ह्याच यार्डात माझा माणूस मेला. दारूनं नाय. साखर खाली गेली म्हणून. तुमच्या पेढ्याच्या भ्यानं त्यानं शुगर लपवली. त्याला पेढा पायजे व्हता तवा तुम्ही झोपवा म्हणलात. मला नको तर तोंडात कोंबताय."

हसणं थांबलं. मालकाची बायको तो बारका डबा पदराखाली घ्यायला लागली. मी तिला म्हणले, "वहिनी, झाकू नका. तुमच्या घरातली साखर म्हणजे पथ्य, आणि आमच्या घरातली म्हणजे चोरी, व्हय?"

मालकानं हात पुढं केला. "चावी."

दिली. चावी त्याची होती.

मग त्यानं मान वळवली, कोपऱ्यात खराटा टेकवलेला होता तिकडं बोट केलं. "उद्यापासून यार्ड झाडत जा. त्याला डॉक्टरचा कागद लागत नाय. तुमचं हातवळणीचं काम."

तुमचं. समजलीस ना? शुगर बाजूलाच राहिली. एवढी वर्षं मी त्याचा ट्रक चालवला, एक ओरखडा पडू दिला नाय, पण त्याच्या डोक्यात माझ्या हातात खराटाच होता. स्टेरिंग मध्ये आलं होतं, ते त्यानं काढून घेतलं, इतकंच.

मी म्हणले, "खराटा वाईट नाय. माझी आई त्यावर जगली. पण तुम्ही दिलेला खराटा मी धरणार नाय. ह्या हाताला गेअर ठाऊक हाय."

आणि वळले. वळताना रशीदभाईंकडं बघितलं. त्यांनी गालातला पेढा बोटानं काढला आणि बंपरवर ठेवला, झेंडूच्या माळेशेजारी. मालक त्यांच्याकडं बघत होता. त्यांनी बघू दिलं.

आता तू म्हणशील, मावशी जिंकली. नाय गं. घरी येऊन मी उपाशी झोपले, आणि शुगरवाल्यानं उपाशी झोपायचं नसतं.

लायसनची मुदत त्याच दिवाळीत संपत होती. एजंट म्हणाला, "मावशी, शुगर नाही म्हणून सांगा, विषय संपला. सगळे तेच करतात." म्हणले, मला डॉक्टरकडं ने. नेलं. एसीतला डॉक्टर. कागदावरून मान वर न करता म्हणाला, "शुगर आहे असं तुम्ही सांगितलंत तर मी फिट देणार नाही. नाही म्हणालात तर आत्ता देतो."

"म्हणजे मी खोटी असले तर फिट, आणि खरी असले तर अनफिट?"

"बाई, बाहेर लोक थांबलेत."

मी उठले. दारात एजंट कपाळाला हात लावून, "मावशी, तुम्हाला गाडी चालवायची का भाषण करायचंय?"

"चालवायचीय. पण झाकून नाय."

मग सरकारी दवाखान्यात गेले. तिथं एक डॉक्टरीण होती, तुझ्याच वयाची, डोळ्याखाली काळं. गोड बोलणारी नाय, उलट खेकसलीच. "इतके दिवस कुठं होतात?" पण तपासलं तिनं. डोळ्यांत बत्ती टाकली. मला डोळे मिटायला लावून पायाच्या तळव्याला कायतरी टोचून विचारलं, कळतं का, आता कळतं का. कधी चक्कर आली, कधी घाम फुटला, गाडीत असताना कधी अंधारलं का. तुझ्या काकांच्या सगळ्या आयुष्यात त्यांना कुणी एवढं विचारलं नव्हतं.

आणि एवढं करून म्हणली, "आत्ता नाही देणार सर्टिफिकेट. साखर वरखाली होतेय. औषध बदलते, तीन महिने नीट राहा, मग या. रस्त्यावर तुम्ही एकट्या नसता."

राग आला. बाहेर येऊन बाकड्यावर बसले आणि रडले पण. मग हळूहळू ध्यानात आलं. आजवर मला नाय म्हणणारे लई भेटले, पण माझ्याकडं नीट बघून नाय म्हणणारी ही पहिलीच. तिनं माझी जात बघितली नाय, साडी बघितली नाय. पाय बघितले. ह्या 'नाय'ला मी मान दिला. मालकाच्या 'नाय'ला देणार नव्हते.

तीन महिने एका मेसमध्ये पोळ्या लाटल्या. वेळेवर खाल्लं, चालले, बोटाला टोचून घेतलं. लाटताना उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा, शेजारची बाई हसायची. मग परत गेले. डॉक्टरणीनं सगळं पुन्हा बघितलं आणि लिहायला घेतलं. मी म्हणले, "मॅडम, शुगर आहे, असंच लिहा. विसरू नका." ती पहिल्यांदा हसली. लिहिलं: मधुमेह आहे, उपचार चालू आहेत, आज वाहन चालवण्यास योग्य, ठरल्या वेळी पुन्हा तपासणी. मी तिलाच ते मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. मला वाचता येतं, तरी.

लायसन झालं. सर्टिफिकेटची झेरॉक्स घेऊन मालकाकडं गेले. का गेले विचारू नको. त्याच्या तोंडावर तो कागद धरायचा होता मला. त्यानं वाचला, परत दिला. "हे चालत नाय. कंपनीवाले बघतील. दुसरं आण, स्वच्छ."

"हेच स्वच्छ हाय, मालक."

झालं. त्या यार्डात मी परत पाऊल टाकलं नाय. आता बिडकीनच्या एका बांधकामवाल्याची गाडी चालवते. छोटी आहे, फेऱ्या जवळच्या, सहाचाकीची उंची नाय तिला. त्यानं कागद दोनदा वाचला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "चालवा, बघू." बघतोय अजून.

गाडी हातात आल्यावर पहिलं काम केलं ते पेंटरकडं नेण्याचं. तो म्हणाला, "मावशी, लोक शायरी लिहितात, आईचा आशीर्वाद लिहितात, तुम्ही बिमारी लिहिणार?" म्हणले, लिही बाबा, दारावर, ठळक. आपल्या निळ्यात.

मला शुगर आहे. तोल गेला तर दारू समजू नका. शुद्धीवर असले तर साखर द्या. शुद्ध नसेल तर दवाखान्यात न्या.

सिग्नलला लोक वाचतात. पोरं हसतात. एकानं काच खाली करून विचारलं, "मावशी, लाज नाय वाटत?" म्हणले, "वाटायची. मग नवरा गेला." त्याचं तोंड बघायला पाहिजे होतंस.

मालकाच्या यार्डात पेढा अजून वाटतात. रीत मोडली असं समजू नको. तुझे काका तिथल्या लोकांच्या तोंडी अजून दारुडेच आहेत. रशीदभाई एकदा पंपावर भेटले. दाराची अक्षरं बोटानं वाचली आणि म्हणले, "भाभी, मैंने अपने हाथ से नमक पिलाया उसको." मी म्हणले, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं भाई. मग त्यांनी विचारलं, "वो डॉक्टरनी कौन से दिन बैठती?" सांगितलं. गेले का नाय, ठाऊक नाय. ते त्यांचं त्यांनी करायचं.

माझं मी ठरवलंय. कुणाच्या हातून पेढा तोंडात घेणार नाय. कुठल्या कागदावर शुगर नाय असं लिहू देणार नाय. उद्या डॉक्टरीण म्हणली, बाई, आता गाडी बंद, तर चावी मी स्वतः ठेवीन, कारण रस्त्यावर मी एकटी नसते. पण मालकानं म्हणलं, एजंटानं म्हणलं, तुमच्यात ही बिमारी कशी म्हणून कुणी हसलं, तर नाय ठेवणार. आणि मेलेच कधी स्टेरिंगवर, तर काय झालं ते दारावर लिहिलेलं असेल. माझे कपडे कुणाला हुंगावे लागणार नायत.

तुझ्या घंटागाडीवर मागं दोघी बायका उभ्या असतात. तुला घाम फुटला तर त्यांना ठाऊक आहे का, काय द्यायचं? हळदीच्या डब्याला ठाऊक असून उपयोग नाय, रंजे.

म्हणून ये. मेडिकलच्या आधी ये, लवकर ये, ह्याच रविवारी ये. बिनसाखरेचा चहा करते, पहिला घोट कडू लागतो, दुसऱ्याला जीभ सरावते. सोमवारी सकाळी माझ्या गाडीतनं दवाखान्यात जाऊ, तू शेजारी बस. आणि ती पट्टी पिशवीच्या तळाशी घालू नको. हातात धरून ये.